मास्तर नावाची वीट

फेब्रुवारी २०२० मधला एक व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांच्या फोनवर येऊन गेला असेल. लंडनमध्ये ज्युलियन असांजच्या समर्थनार्थ सभा भरलेली आहे. पिकल्या केसांचा एक इंग्रज माइकसमोर उभा आहे आणि हातातला कागद बघून आपल्याकडच्या आमीर अझीझ या तरुण कवीच्या ‘सब याद रखा जाएगा’ या कवितेचा इंग्रजी तर्जुमा वाचतो आहे. तेव्हा शाहीन बागेत बायाबापड्या रस्त्यावर बसलेल्या होत्या. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ एका दिवसात चार वेळा आला. प्रत्येक वेळी खाली ‘माशाअल्लाह’ची रांग लागली.

त्या माणसाचं नाव रॉजर वॉटर्स. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडमधला गीतकार आणि बेस गिटार वाजवणारा.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. नववीची चार-पाच मुलं माझ्याकडे आली आणि म्हणाली, सर, एक इंग्रजी गाणं बसवायचंय. गाणं कुठलं, तर पिंक फ्लॉइडचं ‘अनदर ब्रिक इन द वॉल’, दुसरा भाग. एकाच्या पुण्यातल्या मामेभावाने फोनमध्ये टाकून दिलं होतं. मी ते स्टाफरूममध्ये मांडलं. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी फोनवर गाण्याचे शब्द वाचले आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. शिक्षण नको, मास्तर नको म्हणणारं गाणं शाळेच्याच स्टेजवर? दुसरे म्हणाले, आधीच आपली मुलं आठवीनंतर गळतात, त्यात हे. तिसऱ्यांनी गाणं-बजावणं जायज की नाजायज हा आपला जुना विषय काढला. तो निघाला की चहा थंड होतो, हे ठरलेलं. मी काही बोललो नाही. मुलांनी शेवटी एक कव्वाली बसवली.

घरी जाताना लक्षात आलं, की ज्याच्यासाठी आपण माशाअल्लाह लिहिलं तोच हा माणूस, आणि गाणंही त्याचंच. तो दुसऱ्यांच्या भिंतींवर बोलतो तेव्हा तो आपला असतो. आपल्या वर्गाच्या भिंतीवर बोट ठेवलं की नकोसा होतो.

आता थोडं त्या अल्बमबद्दल. ‘द वॉल’ ३० नोव्हेंबर १९७९ रोजी आला, म्हणजे साधारण माझ्याच वयाचा. दोन तबकड्या, सव्वीस गाणी, सलग सांगितलेली एकच गोष्ट. अशा लांबलचक रचना करणाऱ्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. मला तो बी.एड.च्या हॉस्टेलवर भेटला. खोलीतल्या जोडीदाराकडे कॅसेट होती. तो लातूरकडचा, मी उर्दू माध्यमातून आलेला, आणि इंग्रजी दोघांचंही यथातथाच. शब्दांपेक्षा आवाजच आधी कळले. हेलिकॉप्टर, कुणीतरी ओरडतंय, मग पोरांचा कल्ला आणि त्यानंतर डेव्हिड गिलमोरची गिटार. गिलमोरची गिटार मला आजही माणसासारखी बोलते असं वाटतं. अल्बमच्या दुसऱ्या तबकडीवर ‘कम्फर्टेबली नम्’ नावाचं गाणं आहे. त्याच्या शेवटचं गिटारवादन ऐकून मला सारंगी आठवते. संगीत जाणणारे हसतील, हसू देत.

गोष्ट पिंक नावाच्या गायकाची आहे. बाप युद्धात गेला ही पहिली वीट. शाळेतले मास्तर ही दुसरी. मग पोराला पदराखालून बाहेर न सोडणारी आई, मोडलेला संसार. एकेक वीट चढत जाते आणि शेवटी तो भिंतीच्या आत एकटा उरतो. ‘अनदर ब्रिक’ हे गाणं अल्बममध्ये तीन वेळा येतं. पहिल्यांदा बापासाठी, दुसऱ्यांदा शाळेसाठी, तिसऱ्यांदा जेव्हा पिंकला आता कुणाचीच गरज उरलेली नसते तेव्हा. जगाने मधलं तेवढं उचललं, कारण ते नाचता येण्याजोगं होतं. निर्माता बॉब एझरिनने डिस्कोचा ठेका घालायला लावला. मूळ गाण्यात एकच कडवं होतं, ते त्याने दुप्पट केलं आणि दुसऱ्या कडव्यावर शाळकरी मुलांचा आवाज चढवला. १९७९ च्या नाताळात ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं.

माझं म्हणणं असं आहे, की हे गाणं शिक्षणाच्या विरोधातलं नाही. ते शिक्षकांनी, आणि शिक्षकांनीच, कान देऊन ऐकायचं गाणं आहे.

वॉटर्सचे वडील एरिक फ्लेचर वॉटर्स शिक्षक होते. १९३० च्या दशकात त्यांनी जेरुसलेममधल्या शाळेतही शिकवलं. धर्मनिष्ठ ख्रिस्ती माणूस. युद्ध सुरू झालं तेव्हा बंदूक हातात घ्यायला नकार दिला आणि लंडनवर बॉम्ब पडत असताना रुग्णवाहिका चालवली. पुढे विचार बदलला, कम्युनिस्ट पक्षात गेले, फॅसिस्टांशी लढायला हवं असं वाटून सैन्यात भरती झाले आणि १८ फेब्रुवारी १९४४ रोजी इटलीतल्या अँझिओला मारले गेले. रॉजर तेव्हा पाच महिन्यांचा होता. त्याला आईने केंब्रिजमध्ये वाढवलं, आणि तीही शिक्षिकाच. गिलमोरचे वडीलसुद्धा केंब्रिज विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवत.

म्हणजे मास्तरांना सर्वांत मोठ्या आवाजात झापणारं गाणं मास्तर-मास्तरीणबाईंच्या पोराने लिहिलं. बाहेरच्या माणसाला शिक्षकाचा राग येतो तो वेगळा आणि शिक्षकाच्या घरात वाढलेल्याला येतो तो वेगळा. त्याला ठाऊक असतं की हा पेशा काय असू शकतो. वॉटर्सने १९७९ मध्येच रेडिओवरच्या मुलाखतीत सांगितलं होतं, की आपल्या शाळेत काही चांगले शिक्षकही होते, हा सरसकट हल्ला नाही, पण वाईट शिक्षक माणसाला कायमचा मोडू शकतो. आमच्या स्टाफरूमने शब्द वाचले, पण संदर्भ वाचला नाही. आणि आम्ही भाषा शिकवणारी माणसं! पहिल्याच ओळीत इंग्रजी व्याकरणाप्रमाणे एक नकार जास्तीचा आहे. त्यावरून ‘बघा, यांना शिक्षणाची गरज आहेच’ असा विनोद जगभरचे शिक्षक आजवर करत आलेत. मीही केला आहे. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराची बोली पकडून आपण जो विनोद करतो, त्याच जातीचा तो आहे.

या गाण्यामागे एक खरी शाळाही आहे. उत्तर लंडनमधली इस्लिंग्टन ग्रीन स्कूल, बँडच्या स्टुडिओपासून जवळची. तिथले संगीतशिक्षक ॲलन रेनशॉ जरा वेगळ्याच चालीचे होते. ते तेवीस मुलांना घेऊन स्टुडिओत गेले. मुलांचा आवाज पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून एकावर एक चढवला, म्हणून ऐकताना सगळी शाळा गाते आहे असं वाटतं. मुख्याध्यापिका मार्गारेट मेडन यांना रेनशॉंनी शब्द आधी दाखवले नव्हते. कळलं तेव्हा त्यांनी मुलांना टीव्हीवर झळकायला मनाई केली. शाळेला एक हजार पौंड मिळाले, मुलांना काही नाही. २००४ मध्ये, मध्यमवयात पोचलेल्या त्या मुलांनी मानधनासाठी दावा केला तेव्हा ही गोष्ट पुन्हा वर आली.

मला यात तिन्ही बाजू समजतात. झोपडपट्टीतल्या किंवा कामगारवस्तीतल्या शाळेची अब्रू सांभाळणारी मुख्याध्यापिका समजते. आमचे ज्येष्ठ सहकारीही त्याच भीतीने बोलत होते, कारण उर्दू शाळेवर बोट ठेवायला लोक टपलेलेच असतात. वर्गाच्या खिडकीतून पोरांना बाहेरचं जग दाखवणारे रेनशॉ तर समजतातच. पण मास्तरांच्या जाचाविरुद्ध जे गाणं आहे, ते गाणाऱ्या मुलांना पैसा नाही, याचं पिंक फ्लॉइडसारख्या श्रीमंत बँडला तेव्हा काही वाटलं नाही, हे खटकतं. मुलांचा आवाज वापरायचा आणि मुलांना विसरायचं, हे फक्त शाळाच करतात असं नाही.

या गाण्याच्या आधी दीड-दोन मिनिटांचं एक छोटं गाणं आहे, ‘द हॅपिएस्ट डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’. ते सहसा वेगळं काढून कुणी ऐकत नाही. त्यात मुलांना छळणारा मास्तर रात्री घरी गेल्यावर स्वतः बायकोच्या हातून झोडपला जातो. १९८२ मध्ये ॲलन पार्करने यावर सिनेमा केला, त्यात ते स्पष्टच दाखवलंय. घरी ताटातलं नकोसं मांस मुकाट गिळणारा मास्तर शाळेत पोराला फोडून काढतो. बायकोवर सगळं ढकलण्याचा हा भाग मला अजिबात पटत नाही. वॉटर्सच्या अख्ख्या अल्बममध्ये बाई म्हणजे एकतर गुदमरवणारी आई नाहीतर क्रूर बायको. पण मार खालच्या पायरीवर सरकत जातो हे निरीक्षण खरं आहे.

आपल्याकडे मास्तरांच्या माराला मोठीच परंपरा आहे. छडीशिवाय विद्या नाही हे मराठीत म्हणीसारखं बोललं जातं. शेख सादींच्या ‘गुलिस्तान’मध्येही एक गोष्ट आहे. मगरिबमधला एक कडक उस्ताद काढून टाकतात, त्याच्या जागी गरीब स्वभावाचा आणतात, पोरं बिघडतात, मग कडक उस्तादाला मनधरणी करून परत आणतात. ही गोष्ट सांगून आमच्या उस्तादांनी आम्हाला मारलं आणि आम्ही पुढे तीच सांगत राहिलो. पण त्याच परंपरेत इब्न खल्दून आहे, त्याचं नाव कुणी घेत नाही. चौदाव्या शतकात लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’त त्याने एक प्रकरण याच विषयाला दिलं. शिष्याशी कठोर वागलं की तो आळशी होतो, खोटं बोलायला शिकतो, मनातलं लपवतो आणि लपवणं हाच त्याचा स्वभाव बनतो. आधीच्या एका विद्वानाचा हवाला देऊन तो सांगतो, की शिक्षा करावीच लागली तर तीन फटक्यांच्या पुढे जाऊ नये. आणि हे तो पोरांपुरतं ठेवत नाही, जुलमाखाली राहणाऱ्या कौमांचंही असंच होतं म्हणतो. मला हे वाचताना ‘द वॉल’च आठवला. लपवायला शिकलेलं मूल म्हणजे भिंतीआड गेलेलं मूल.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मारही बंद केला आणि मानसिक छळही. छडी आम्ही खरोखरच सोडली. जीभ सुटली नाही.

माझं सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट, सातवीचा वर्ग, मराठीचा तास. उर्दूत ‘ळ’ नाही. आमच्या पोरांना घरी तो ऐकायलाही मिळत नाही, त्यामुळे ‘बाळ’चं ‘बाल’ आणि ‘फळा’चं ‘फला’ होतं. ‘माझे वडील’ हा निबंध होता. एक पोरगा उभा राहून वाचू लागला, की माझे वडील केळी विकतात. ते त्याने वाचलं ‘केली विकतात’. वर्ग हसला. मी थांबवायला हवं होतं. उलट मी म्हणालो, “काय केली? कुणी केली?” वर्ग पुन्हा हसला. माझ्यातल्या नटाला चेव आला आणि मी त्याच्या आवाजात ते वाक्य तीनदा म्हणून दाखवलं. निबंध तसा चांगला होता. वडील पहाटे चारला उठून मार्केट यार्डात जातात, थंडीत गाडीचा दांडा हाताला चिकटतो, असं काहीतरी त्यात होतं. ते मला आज आठवतं. तेव्हा मी फक्त ‘ळ’ ऐकला.

सिनेमात अगदी हेच आहे. पिंक लपून कविता लिहितो, मास्तर ती वही हिसकावतो आणि वर्गापुढे हेल काढून वाचतो. मी तो प्रसंग हॉस्टेलवर पाहिला होता आणि त्या मास्तराचा मला रागही आला होता.

त्याहून लाजेची गोष्ट पुढची आहे. माझ्याच बी.एड.च्या सराव पाठात माझा ‘ळ’ चुकला होता. निरीक्षकांनी वहीत ‘उच्चार सदोष’ असा शेरा मारला आणि मागे बसलेली दोघं तोंडावर रुमाल धरून हसली. पुढे कित्येक महिने मी एकटा खोलीत ‘काळा कावळा’ म्हणत बसायचो. मी तो ‘ळ’ मिळवला, आणि मग दहा वर्षांनी तोच त्या पोराच्या अंगावर फेकला. वॉटर्सचा मास्तर घरचा मार शाळेत आणतो, मी माझा कॉलेजातून आणला.

तो पोरगा त्यानंतर माझ्या तासाला कधीच वाचायला उभा राहिला नाही. मी नाव घेतलं की ‘सर, घसा बसलाय’ म्हणायचा. दहावीपर्यंत त्याचा घसा बसलेलाच होता.

‘द वॉल’ सुचला कसा, तेही सांगायला हवं. ६ जुलै १९७७ ला माँट्रियलच्या भल्यामोठ्या स्टेडियममध्ये कार्यक्रम चालू असताना पुढच्या रांगेतल्या एका दंगा करणाऱ्या रसिकावर वॉटर्स थुंकला. नंतर त्याला स्वतःची शिसारी आली. आपल्यात आणि ऐकणाऱ्यांत भिंत उभी आहे, तर ती खरोखरच स्टेजवर बांधून दाखवावी, असं त्याच्या मनात आलं. वॉटर्स, ड्रमर निक मेसन आणि कीबोर्ड वाजवणारा रिचर्ड राइट हे तिघेही लंडनला आर्किटेक्चर शिकायला गेलेले, त्यामुळे भिंत बांधणं जमण्यासारखं होतं. १९८० आणि ८१ मध्ये त्यांनी चारच शहरांत हे प्रयोग केले. गाणी चालू असताना कामगार पुठ्ठ्याच्या विटा रचत जायचे, मध्यंतरापर्यंत चाळीसेक फुटांची भिंत पुरी व्हायची आणि बँड तिच्याआड दिसेनासा व्हायचा. शेवटी ती कोसळायची. खर्च इतका, की बँडला तोटा झाला. मधल्या काळात वॉटर्सने राइटला बँडबाहेर काढलं होतं आणि तो प्रयोगापुरता पगारी वादक म्हणून वाजवत होता, त्यामुळे कमाई झाली ती त्याची एकट्याची. भिंतींविरुद्धचा अल्बम करताना या चौघांच्या आपसांतल्या भिंती पक्क्या झाल्या. वॉटर्स साधा माणूस नाही, त्याची सगळी मतंही मला मान्य नाहीत. पण थुंकल्यानंतर त्याने त्या रसिकाला दोष दिला नाही, स्वतःकडे पाहिलं. अल्बमचं मोल मला तिथे वाटतं.

इथे कुणी म्हणेल, की मग भिंतीचा दोष भिंतीआडच्याला का? पिंक श्रीमंत स्टार आहे, त्याने आपली भिंत आपल्या हाताने रचली. आमच्या पोरांना शहरात खोली भाड्याने मिळत नाही, ती भिंत त्यांनी रचली का? प्रश्न बरोबर आहे. १९८० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या गौरेतर विद्यार्थ्यांनी हाच प्रश्न घेऊन शाळांवर बहिष्कार टाकला, तेव्हा त्यांनी हे गाणं आपलंसं केलं, आणि तिथल्या वर्णद्वेषी सरकारने त्यावर बंदी घातली. चारच वर्षांपूर्वी सोवेटोत पोरं आफ्रिकान्स भाषा लादण्याविरुद्ध रस्त्यावर उतरली होती आणि गोळ्यांना बळी पडली होती. त्यांच्या तोंडी या गाण्याचा अर्थ पिंकच्या कुढण्यापेक्षा कितीतरी मोठा झाला. वॉटर्स स्वतः २००६ मध्ये पॅलेस्टाइनला गेला, तिथल्या काँक्रीटच्या भिंतीवर त्याने रंगाने लिहिलं. त्या भिंती सरकारं बांधतात आणि त्यांच्याविरुद्ध गायलाच हवं.

पण सातवीच्या त्या वर्गात सरकार नव्हतं, कुणी नफरती पुढारीही नव्हता. तिथे मी होतो, आपलाच माणूस, त्याच मोहल्ल्यातला. आपली पोरं मराठीत मागे का, यावर मी सभांतून बोलतो. उर्दू माध्यमाच्या पाठ्यपुस्तकांवर, रिकाम्या जागांवर बोलतो, ते सगळं खरंच आहे. ‘केळी’वर मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

अल्बमची एक गंमत सांगायची राहिली. शेवटच्या गाण्यात भिंत पडून गेल्यावर एक हलका आवाज वाक्य सुरू करतो आणि ते मध्येच तुटतं. त्याचा उरलेला तुकडा अल्बमच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या गाण्याच्या आधी आहे. दोन्ही जोडले की गोष्ट पुन्हा पहिल्या विटेपाशी येते.

यंदा संमेलनाच्या आधी त्या मुलांना, आता ती दहावीत आहेत, मी बोलावून सांगितलंय की अर्ज लिहा, शिफारस मी करतो. त्याआधी दोन्ही गाणी वर्गात ऐकवणार आहे, मास्तर घरी मार खातो तेही. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनाही बोलावलंय. ते येतील असं वाटत नाही.

तो पोरगा आता बसस्टँडसमोर बापाच्याच जागी गाडी लावतो. मी आठवड्यातून एकदा तिथे जातो, मुद्दाम. परवा गेलो तेव्हा एक बाई भाव विचारत होत्या. “चाळीस रुपये डझन, ताई. गोड आहेत केळी, घेऊन तर बघा,” तो म्हणाला. ‘ळ’ अगदी स्वच्छ, माझ्यापेक्षा स्वच्छ. मग त्याने मला पाहिलं, सलाम केला, फणी कागदात गुंडाळली आणि म्हणाला, “सर, चालीस रुपये.”